मॉर्मन चर्चचा अध्यक्ष: ज्येष्ठता नेमकी कुठल्या तारखेपासून मोजतात?

पर्वतीपायथा:
सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासगटासाठी टिपण करतोय. जिथे बघावं तिथे एकच वाक्य: अध्यक्ष वारला की बारा प्रेषितांपैकी (चर्चच्या बारा वरिष्ठ नेत्यांच्या मंडळापैकी) सर्वांत ज्येष्ठ तो अध्यक्ष. मग ब्रिगहॅम यंग 1877 मध्ये वारले आणि जॉन टेलर थेट 1880 मध्ये अध्यक्ष झाले, हे कसं? टेलर 1887 मध्ये गेले, विल्फर्ड वुडरफ 1889 मध्ये आले. मधल्या काळात गादी रिकामी होती का? आणि ज्येष्ठता म्हणजे वय की आणखी काही?

नोंदवही:
वय नाही. प्रेषित म्हणून दीक्षा कधी झाली, तेही नाही. बाराजणांच्या मंडळात खंड न पडता कधीपासून बसलाय, ती तारीख धरतात. आपल्याकडची सेवाज्येष्ठता यादी आठवा: सेवेत खंड पडला की नंबर खाली. पण हा नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला नव्हता, अडचण आली तसा ठरत गेला.

ऑर्सन हाइड आणि ऑर्सन प्रॅट 1835 पासूनचे प्रेषित. हाइड 1838 मध्ये फुटले, 1839 मध्ये परत आले. प्रॅट 1842 मध्ये बाहेर, 1843 मध्ये आत. दोघांना जुन्याच जागा मिळाल्या आणि वर्षानुवर्षं कोणी हरकत घेतली नाही. एप्रिल 1875 मध्ये यंग यांनी दोघांना टेलर आणि वुडरफ यांच्या खाली आणलं. टेलर डिसेंबर 1838 चे, वुडरफ एप्रिल 1839 चे. दोनच वर्षांनी यंग गेले. हाइड तेव्हा हयात होते, नोव्हेंबर 1878 मध्ये वारले. म्हणजे यादी बदलली नसती तर पुढचा मान त्यांचा होता.

दुसरा घोळ यंग यांनी स्वतःच घातलेला. मुलगा ब्रिगहॅम धाकटा याला त्यांनी 1864 मध्ये खासगीत दीक्षा दिली, पण मंडळात तो 1868 मध्ये आला. जोसेफ एफ. स्मिथ यांची दीक्षा 1866 ची, मंडळातली जागा 1867 ची. कोण वर? 5 एप्रिल 1900 रोजी निर्णय झाला की मंडळातली तारीख धरायची. दीड वर्षात, ऑक्टोबर 1901 मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष लोरेन्झो स्नो वारले आणि स्मिथ अध्यक्ष झाले.

लकडीपूल:
वरचं बरोबर. राहिला रिकाम्या गादीचा प्रश्न. अध्यक्ष गेला की अध्यक्ष आणि दोन सल्लागार यांचं 'प्रथम अध्यक्षमंडळ' त्याच क्षणी विसर्जित होतं. सल्लागार प्रेषित असतील तर बाराजणांत आपल्या ज्येष्ठतेच्या जागी परत जातात. सगळा अधिकार मंडळाकडे येतो आणि त्यातला सर्वांत ज्येष्ठ ते चालवतो. मग बैठक बसते, पहिला विषय: नवं अध्यक्षमंडळ आत्ता करायचं की थांबायचं? 'आत्ता' ठरलं की ज्येष्ठाच्या नावावर संमती, डोक्यावर हात ठेवून विधी, मग तो आपले सल्लागार निवडतो. सामान्य सभासद पुढच्या अधिवेशनात हात वर करून संमती देतात.

थांबण्याची प्रथा 1844 पासूनची. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची 27 जूनला कार्थेजच्या तुरुंगात हत्या झाली. 8 ऑगस्टला मॉर्मनांच्या तेव्हाच्या गावी, नॉवू इथे, स्मिथ यांचे सल्लागार सिडनी रिग्डन यांनी पालक म्हणून हक्क सांगितला, यंग यांनी बाराजणांचा, आणि सभा यंग यांच्या बाजूने गेली. तरी अध्यक्षपद त्यांनी डिसेंबर 1847 मध्ये घेतलं.

1887 नंतरचा उशीर मात्र निव्वळ प्रथेपोटी नव्हता. बहुपत्नीत्वाच्या खटल्यांमुळे नेते भूमिगत होते, टेलर लपलेले असतानाच वारले. त्यात हीबर ग्रँट, मोझेस थॅचर वगैरे तरुण प्रेषितांचा टेलर यांचे सल्लागार जॉर्ज क्यू. कॅनन यांच्यावर राग होता, त्यामुळे एकमत होईना. हे अनुभवल्यावर वुडरफ यांनीच स्नो यांना सांगून ठेवलं की माझ्यामागे वेळ घालवू नका. 2 सप्टेंबर 1898 ला वुडरफ गेले, 13 तारखेला स्नो अध्यक्ष. तेव्हापासून प्रकरण दिवसांवर आलं. रसेल नेल्सन 27 सप्टेंबर 2025 ला वारले, डॅलिन ओक्स 14 ऑक्टोबरला अध्यक्ष झाले.

पर्वतीपायथा:
म्हणजे पहिला सल्लागार हा वारस नव्हे? मी तसंच लिहून बसलोय.

नोंदवही:
खोडा. 1951 चं उदाहरण घाला. जॉर्ज अल्बर्ट स्मिथ वारले तेव्हा पहिले सल्लागार होते जे. रूबेन क्लार्क, पण मंडळात ते 1934 चे. दुसरे सल्लागार डेव्हिड मके 1906 चे. अध्यक्ष मके झाले, आणि त्यांनी क्लार्क यांना दुसरं सल्लागारपद दिलं! 1970 मध्ये मके वारले तेव्हा त्यांच्या सल्लागारांपैकी जे बाराजणांत नव्हते ते आपल्या आधीच्या, खालच्या पदावर परत गेले.

छावणीरस्ता:
वारसाहक्काची शाखाही टिपणात घ्या, पेशव्यांच्या गावात तो मुद्दा चटकन कळेल. यंग यांच्यामागे न गेलेल्या काहींनी 6 एप्रिल 1860 ला जोसेफ स्मिथ तिसरे, म्हणजे संस्थापकाचा मुलगा, यांना अध्यक्ष केलं. तिथे गादी स्मिथ घराण्यातच राहिली ती थेट 1996 पर्यंत. त्या पंथाचं आजचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट.

पुण्याचा धागा हवा असेल तर ह्यू फिंडले बघा. 1852 मध्ये मुंबईत उतरलेला हा मॉर्मन प्रचारक पुण्यातही आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बहुपत्नीत्व अमेरिकेत, चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेकमध्ये जाहीर झालं. त्यामुळे भारतातल्या प्रचारकांना आधी त्याचीच उत्तरं द्यावी लागली.