मिकी माऊस कवल्याचं बी कुंडीत रुजत नाही

रानवेडी: स्मिथिया हिरसुटाचं, म्हणजे दोन लाल ठिपक्यांच्या पिवळ्या कवल्याचं बी शेताच्या बांधावरून घेतलं आहे. निम्मं शेणखत, निम्मी लाल माती. बरंचसं रुजलंच नाही. जी रोपं आली ती हिरवीगार, लांबट वाढून आडवी पडली, फूल एकही नाही. काय बदलावं?

बांधकरी: आधी बी बघू. कवल्याची सांध्यासांध्यांची शेंग घडी घालून फुलाच्या वाळक्या निदलपुंजातच, म्हणजे पाकळ्यांखालच्या पेल्यातच, दडलेली असते, एका सांध्यात एक दाणा. हिरवेपणी खुडलं तर दाणा पोचट. निदलपुंज पिंगट, कागदासारखे कोरडे झाले की काढायचे, चोळायचे, पाखडायचे.

पक्क्या दाण्याचं टरफल पाणी आत घेत नाही. वळवाच्या एका सरीनं सगळं उगवलं आणि पुढे पाऊस लांबला तर सगळीच रोपं जातील, त्यावरची ही सोय. बारीक सँडपेपरवर तुकतुकी जाईपर्यंत घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेले लगेच पेरा, बाकीचे पुन्हा घासा. उकळतं पाणी ओतू नका, एवढासा दाणा शिजून जातो.

जांभ्याची माती: फूल न येण्याचं कारण शेणखत. कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर आहे, जांभ्यावर मातीचा पातळ थर, आणि पावसानं तिच्यातलं नत्र धुऊन गेलेलं. तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं कीटक, बारीक जीव पकडून नत्र मिळवतात, कवला मुळांच्या गाठींतल्या जिवाणूंकडून. आयतं नत्र दिलंत की गाठी धरत नाहीत आणि झाड नुसतं पाल्यावर जातं. वर अशा मातीत गवत माजून त्याला दाबतं ते वेगळंच.

दोन भाग जांभ्याची बारीक खडी किंवा जाड वाळू, एक भाग साधी माती, खत अजिबात नाही. मूठभर माती जिथे कवला उगवतो त्या बांधावरची घाला, जिवाणू तिच्यातूनच येतात. दीड महिन्यानं एक रोप उपटून गाठ कापा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बांधावरची माती आणखी द्या.

रानवेडी: खोल कुंडी चालेल? आणि हाच भाजीचा कवला का?

बांधकरी: पसरट, १० सेंमी खोल ट्रे घ्या, तळाला भोकं. जूनच्या पहिल्या पावसात अर्धा सेंमी खोल पेरा, उघड्यावर, पूर्ण उन्हात. रोपं हलवू नका. भाजीला बहुतेक स्मिथिया सेन्सिटिव्हा घेतात. तिची पानं हात लावला की मिटतात. हिरसुटाच्या खोडावर राठ केस असतात.

जांभ्याची माती: झाड वर्षायू आहे, बी धरून वाळलं की ट्रे रिकामा करू नका. गळलेलं बी त्याच मातीत उन्हाळाभर कोरडं राहू द्या. आणि कासवरून बी आणलं नाहीत हे फार चांगलं केलंत. २०१२पासून ते जागतिक वारसास्थळात आहे, तिथलं फूलही तोडायचं नसतं.