वेगळी वाटी, वेगळ्या चॉपस्टिक्स : लग्नाआधी हिपॅटायटिस बी सांगायलाच हवा?

अर्धाकप :
फ्लशिंगमध्ये (न्यूयॉर्क) आमच्या खालच्या मजल्यावर चीनमधल्या फूजियान प्रांतातून आलेल्या चौघीजणी राहतात. एकीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी (यकृताला लागण करणारा विषाणू) निघाला. तेव्हापासून तिची वाटी नि चॉपस्टिक्स सिंकवर वेगळ्या डब्यात. मासा सगळ्यांच्या मधोमध ठेवतात, पण तिचा तुकडा आधीच काढलेला. आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याचाच प्रकार! हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून होत नाही. आता तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. "सांगू का?" म्हणाली. मी म्हटलं, नको. चुकलं का?

टोकदार :
चुकलंच! शरीरसंबंधातून जातो असं स्वतःच लिहिलंय. लस आहे, नवरा घेऊ शकतो, पण त्याला कळलं तर ना? ही सरळ फसवणूक.

सांजवारा :
थोडं थांबा. २००८ साली मी शांघायला नोकरीला होतो. नोकरीआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला की लोकांना घरी पाठवायचे, म्हणून काहीजण आपल्या जागी दुसऱ्याला रक्त द्यायला पाठवत. चीन सरकारनं २०१० मध्ये नोकरी नि शाळाप्रवेशासाठी ही तपासणी बंद केली. त्याआधी देश सोडलेल्यांच्या मनात मात्र तोच काळ अजून चालू आहे.

टोकदार :
इतिहास कळला. नवऱ्याचं काय? आणि उद्या मूल झालं तर? जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांना तो आयुष्यभर चिकटतो. पहिल्या २४ तासांत लस नि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन दिलं की बहुतेक बाळं लागणीपासून वाचतात. गरोदरपणी डॉक्टरांपासूनही लपवणार का?

अर्धाकप :
डॉक्टरांपासून लपव असं मी म्हटलं नव्हतं. पण खरं सांगू? तिनं दवाखान्यात जाणंच सोडलंय. तिथली रिसेप्शनिस्ट तिच्याच गावची, बातमी फुटेल म्हणते. यकृताची सोनोग्राफी वेळेवर व्हायला हवी, हे तिलाही कळतं.

सांजवारा :
मग आधी दुसरा दवाखाना शोधा. लग्नाचं नंतर बघू.

टोकदार :
नंतर नाही, लग्नाआधीच. एकटीला जमत नसेल तर तुम्ही सोबत जा.

अर्धाकप :
जाते. पण मला मँडरिन (चिनी भाषा) येत नाही, आणि त्या मुलाला इंग्रजी. दुभाषी म्हणून खालच्या तिघींपैकीच कोणाला तरी घ्यावं लागेल.