आबांच्या ट्रंकेतली चित्रं कशी वाचायची?

पेठेतला_धाकटा
आबा जाऊन वर्ष होत आलं. साइनबोर्ड पेंटर होते, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचं, थिएटरची बॅनरं, सगळं केलेलं. घरात बोलणं कमीच. पहाटे पाचला सायकल काढून जायचे, आम्हाला वाटायचं कामावर चाललेत. आता माळ्यावरची ट्रंक उघडली तर आत आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याची साठेक वॉटरकलर, सगळी एकाच जागेवरनं, तळ्यातला दगडी संध्यामठ आणि पाणी, बास. सही नाही, तारीख नाही. मागं पेन्सिलनं "कोबाल्ट संपला", "वारा, कागद वाळंना" असलं काहीतरी. आणि तळाला पाच-सहा वह्या, त्यात नुसतं क, ळ, श्री, पानंच्या पानं. त्या शेवटच्या वर्षांतल्या, तेव्हा हातात काम नव्हतं आणि खरं सांगतो मला वाटायचं म्हातारा चळला. यातनं माणूस कळतो का ओ?

ब्रशवाला_काका
बाळा, आधी वह्यांचं. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बघता बघता बसला. अक्षर हातात असतंय, डोक्यात न्हाई. महिनाभर ब्रश धरला नाही की 'ळ'चं पोट लोंबायला लागतं. पाटीवरची वेलांटी एका दमात ओढायची, मधी हात उचलला की इनॅमलचा जोड दिसतोय आणि गिऱ्हाईक नसंल बघत पण आपण बघतो की. तुझे आबा चळले नव्हते, हात मोडू नये म्हणून बसत होते. मी पण बसतो, बायको शिव्या घालते.
कोबाल्टचं म्हणशील तर तो निळा पहिल्यापासनं महाग. ज्याच्या मागं तसं लिहिलंय त्याचं पाणी बघ, दुसऱ्याच निळ्यावर भागवलेलं दिसंल.

कागदवाली
आधी प्रत्येकाचा पुढनं-मागनं फोटो काढा, मागचं लिखाण फ्रेममध्ये गेलं की गेलंच. लॅमिनेशन करू नका, पाया पडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद पिवळा पडतो आणि चित्रालाही पाडतो. अॅसिड-फ्री कागद मध्ये घाला, भिंतीवर लावलं तर ऊन येणार नाही असं लावा. आणि ट्रंकेतला क्रम मोडला असेल तर ओरडा खा माझा 😄

रंकाळा_रोज
तारीख नसली म्हणून काय झालं भावा, संध्यामठ आहे की! पावसाळ्यात तो पाण्यात जातो, उन्हाळ्यात खालपर्यंत उघडा पडतो. पाणी किती चढलंय ते बघून चित्रं लाव, साल नाही पण ऋतू तरी कळेल. बाकी संध्यामठ रंगवायची खोड गावात जुनी, जुने चित्रकार आबालाल रहिमाननी पण रंगवलाय, ते गेले 1931 ला. आणि ज्या गावात सिनेमावाल्या बाबूराव मेस्त्रींचं बाबूराव पेंटर झालं तिथं पाट्या रंगवणाऱ्यानं सकाळी तळ्यावर बसावं यात नवल ते काय. राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय आहे, निसर्गचित्रं बघून ये एकदा, डोळा बसेल.

पेठेतला_धाकटा
काका, वही परत उघडली. पहिल्या पानावरचा 'ळ' आणि शेवटच्या पानावरचा शेजारी ठेवून बघितला, शेवटचा जास्त ताठ आहे. मला आधी सगळं सारखंच दिसत होतं.
ताई, क्रम मोडलाय. घाला शिव्या.
काल रात्री पाण्याप्रमाणं चित्रं जमिनीवर मांडली. भर पावसातली दोनच, मठाचा नुसता वरचा भाग दिसतोय, आणि एकाच्या मागं "छत्री थोरलीनं धरली". माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. म्हणाली, हो की, मी चौथीत असेन, छत्री धरून हात दुखला की आबा येताना गंगावेशला दूध कट्ट्यावर न्यायचे, समोर पिळलेलं म्हशीचं दूध, फेसासकट. मी म्हटलं मला कधी नेलं नाही ते. तर म्हणाली, तुला रोज हाक मारायचे, तू पांघरूण डोक्यावर घ्यायचास.