साताऱ्यात पेठेचा हादगा, कोजागरी आणि किल्ले स्पर्धा : नियोजन कसं करावं?

पेठेतला :
साताऱ्यात आमच्या पेठेत सत्तरेक घरं आहेत. गणपतीचं मंडळ आहे, पण विसर्जन झालं की पुढच्या भाद्रपदापर्यंत सगळे आपापल्या दारात. या वर्षी, म्हणजे २०२६ ला, शरदात तीन गोष्टी करायचं ठरतंय : मुलींचा हादगा, कोजागरीचं दूध आणि दिवाळीत मुलांची किल्ले स्पर्धा. शेजारच्या शाळेचं पटांगण मिळेल. कोजागरीला दीडशे माणसं धरली आहेत. वर्गणी घरटी दोनशेच्या वर न्यायची नाही.

नेमकं विचारायचंय ते असं. हादगा कोणत्या दिवशी ठेवावा? दीडशे जणांना दूध किती लागेल आणि ते करपू नये म्हणून काय करायचं? किल्ल्यांची स्पर्धा कशी बांधावी, म्हणजे मुलं स्वतः करतील आणि वडीलमंडळी मध्ये पडणार नाहीत? परवानग्या कोणकोणत्या?

आश्विन_कार्तिक :
या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत. घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २०, कोजागरी रविवार २५ ऑक्टोबर आणि लक्ष्मीपूजन रविवार ८ नोव्हेंबर.

हादग्याची गोम इथेच आहे. तो सूर्याच्या हस्त नक्षत्रावर चालतो, म्हणून अधिक महिना असो वा नसो, २६-२७ सप्टेंबरलाच सुरू होतो. बाकीचे सण तिथीने पुढे गेले की हस्ताचे दिवस पितृपक्षात येतात. या वर्षी नेमकं तसंच झालंय, हस्त जवळजवळ पूर्ण पितृपक्षात आहे. बरीच घरं त्या दिवसांत मुलींना नटवून बाहेर पाठवत नाहीत. त्यावर वाद घालत बसू नका, नवरात्रातला दिवस घ्या. शनिवार १७ ऑक्टोबर चांगला. परंपरेने रोज एक गाणं आणि एक खिरापत वाढवत सोळाव्या दिवशी सोळा करतात. पेठेच्या एका संध्याकाळीत आठ-दहा गाणी पुरतात.

मुली ज्याभोवती फेर धरतात तो पाटावरचा हत्ती सकाळीच काढून ठेवा. सुट्या तांदळाचा काढलात तर पहिल्याच फेरात कुणाच्या तरी परकराचा घोळ लागून विस्कटतो. खडूने किंवा ओल्या गेरूने रेखून वाळू द्या आणि वर झेंडूची माळ घाला. मुली चाळीसच्या वर असतील तर एकच फेर मोठा होतो, पलीकडच्यांना गाणं ऐकू येत नाही आणि ठेका तुटतो. आत लहान मुली आणि बाहेर मोठ्या, असे दोन फेर करा. गाणी पाठ असलेल्या दोन-तीन आजी पाटाजवळ खुर्चीवर बसवल्या की माइक लागत नाही. गाण्यांचे कागद वाटू नका. कागद हातात असला की हात धरता येत नाहीत.

खिरापत घराघरातून बंद डब्यात येऊ द्या, आत काय आहे ते ओळखण्याची मजा त्यातच आहे. फक्त कुणी काय करायचं ते एकाच बाईने आधी लिहून घ्यावं, नाहीतर बारा डब्यांपैकी सात डब्यांत वाटली डाळ निघते. एका डब्यात पंधरा-वीस जणींना चमचाभर येईल एवढंच पुरे. दही घातलेलं किंवा ओल्या नारळाचं असेल तर ते दुपारनंतर करायला सांगा. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळचं खोबरं संध्याकाळी आंबूस होतं.

कल्हई :
दुधाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोजागरी फसते ती बहुतेक दुधापायीच.

दीडशे माणसांना दोनशे पेले धरा. लहान मुलं अर्धाच घेतात, पण निम्मी मोठी माणसं दुसऱ्यांदा येतात. पेल्यात १५० मिली ओतायचं, म्हणजे तयार दूध ३० लिटर. त्यासाठी कच्चं दूध ३५ लिटर घ्या. आटून ते साधारण पंधरा टक्के कमी होईल, आणि साखर व सुका मेवा पडल्यावर पुन्हा दीड-दोन लिटर वाढेल. निम्मं म्हशीचं आणि निम्मं गाईचं घ्यावं. नुसतं म्हशीचं आटवलं की एका पेल्यातच पोट भरतं, नुसतं गाईचं असेल तर ते फार वेळ आटवावं लागतं.

त्या दिवशी अख्ख्या गावाला दूध हवं असतं. पंधरवडाभर आधी सांगून ठेवा आणि संध्याकाळच्या धारेचंच मागा. आलं की लगेच तापवायचं. दूध नासतं ते मसाल्याने नव्हे, तर कॅनमध्ये दोन-तीन तास उन्हात राहिल्याने किंवा सकाळचं उरलेलं त्यात मिसळल्याने. म्हणून प्रत्येक कॅनमधलं वाटीभर दूध छोट्या पातेलीत वेगळं उकळून बघा. फाटलं तर तो कॅन बाजूला ठेवा. एक खराब कॅन ओतला की पस्तीस लिटर गेलं. भाड्याची पातेली चिंचेने घासून येतात, ती दोनदा साध्या पाण्याने धुवा.

एका मोठ्या पातेल्यापेक्षा ३० लिटरची दोन जाड बुडाची पातेली घ्या आणि प्रत्येकात साडेसतरा लिटर घाला. वर मोकळी जागा राहिली की ऊतू जायची धास्ती कमी. दूध ओतण्याआधी बुडाशी वाटीभर पाणी असू द्या, त्याने सुरुवातीला साय आणि प्रथिनं थेट तापलेल्या बुडाला चिकटत नाहीत. उकळी येईपर्यंत मध्यम आच, नंतर मंद. लाकडी उलथनं बुडाला टेकवून फिरवायचं. वरच्या वर डाव फिरवणं म्हणजे ढवळणं नव्हे. दर वीस मिनिटांनी माणूस बदला, कारण हात दमला की उलथनं बुड सोडतं आणि दूध तिथेच लागतं.

किती आटलं हे डोळ्यांनी कळत नाही. सुरुवातीलाच स्वच्छ लाकडी पट्टी उभी धरून दुधाची खूण करा. सरळ कडांच्या पातेल्यात ३० सेंटिमीटर दूध असेल तर ते साडेपंचवीसवर आलं की थांबायचं. उकळी यायला पाऊण तास आणि आटायला तासभर लागतो, म्हणजे सहाला भट्टी पेटली तर आठपर्यंत दूध तयार.

साखर लिटरला ८० ग्रॅम, म्हणजे एकूण २ किलो ८०० ग्रॅम, आणि तीही शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली की बुडाशी जळून दूध तांबूस होतं. साखर घालण्याआधी मधुमेह असलेल्यांसाठी चार लिटर बाजूला काढा आणि तेवढी सव्वातीनशे ग्रॅम साखर कमी करा.

मसाला ३५ लिटरला असा : बदाम ४०० ग्रॅम, काजू २००, पिस्ते २००, चारोळी १००, वेलदोडे ४०, दीड जायफळ, केशर २ ग्रॅम. बदाम-पिस्ते कोरडे, जरासे गरम करून, पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे साखरेबरोबर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले की तेल सुटून गोळा होतो. चारोळी अख्खीच ठेवा, पण आधी चाखून पाहा. जुनी चारोळी खवट असते आणि तो वास सगळ्या दुधाला लागतो. जायफळ जास्त झालं तर दूध कडवट लागतं, त्यात उदार होऊ नका. केशर साखरेबरोबर खलून कोमट दुधात तासभर भिजवा. काजूची पूड बुडाला बसते, म्हणून मसाला आच बंद केल्यावर घालावा. सुका मेवा न चालणारं कुणी असेलच, तेव्हा दोन लिटर दूध नुसत्या वेलदोड्याचं ठेवा.

आणि करपलंच तर? बुड खरवडू नका. आच बंद करून वरचं दूध हलकेच दुसऱ्या पातेल्यात ओता. वास किंचित असेल तर तेवढ्याने निभावतं. जास्त असेल तर वेलदोडा वाढवून तो झाकला जात नाही.

पेठेतला :
फार उपयोगी. भट्टीला घरचा सिलिंडर चालेल का? आणि लाउडस्पीकर रात्री किती वाजेपर्यंत?

चौकातून :
घरचा १४.२ किलोचा सिलिंडर सार्वजनिक कार्यक्रमाला वापरायचा नाही. व्यावसायिक १९ किलोचा घ्या, भट्टीवालाच आणतो. दोन भट्ट्यांना एक पुरतो. सिलिंडर भट्टीपासून नळीभर लांब आणि उभा ठेवा. भट्टीच्या तिन्ही बाजूंना शाळेचे बाक आडवे लावा, चौथ्या बाजूला ढवळणारे. मुलं पळत येतात ती अंधारातून. वाळूच्या दोन बादल्या जवळ हव्यातच.

लाउडस्पीकर रात्री दहापर्यंत. दहा ते सकाळी सहा बंदी आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत असते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमची तारीख त्यात आहे का हे पोलिस ठाण्यात अर्ज देतानाच विचारा. अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या आणि त्याला पटांगणासाठी मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. पटांगणातच राहिलात तर रस्त्यावरच्या मांडवासाठी नगरपरिषदेकडे जावं लागत नाही.

खरं तर कोजागरीला स्पीकर नकोच. साडेसातला जमावं, नऊपर्यंत मुलांचे खेळ, मग मोठे दिवे घालवून नुसत्या चांदण्यात गाणी. चंद्र त्या दिवशी सूर्यास्ताच्या आसपासच उगवतो, दहाला चांगला वर आलेला असतो. दिवे फक्त भट्टीपाशी आणि पायऱ्यांवर ठेवा. दूध साडेदहाला वाटा, दुसऱ्या दिवशी सोमवार आहे. बारापर्यंत जागणारे जागतील, त्यांच्यासाठी एका पातेल्यात थोडं ठेवा.

पेले स्टीलचेच, भांडी भाड्याने देणाऱ्याकडून. अडीचशे सांगा, धुवायला दोन टब आणि दोन माणसं. थर्माकोलचे आणि प्लास्टिकचे वापरून फेकायचे पेले २०१८ पासून राज्यात बंद आहेत.

माची :
किल्ल्यांचं सांगतो. विषय दिला नाही तर सगळीकडे एकसारखा डोंगर होतो : वर सिंहासन, पायथ्याशी दुकानातले मावळे. या वेळी विषय तयारच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येक गटाला एक उचलू द्या. आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड ज्यांना येईल त्यांना दिवाळीआधी तो चढून बघता येईल.

प्रत्येक किल्ल्याची ओळख पटवणाऱ्या तीन गोष्टी चिठ्ठीवरच लिहा. राजगडाला बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. लोहगडाला विंचूकाटा, म्हणजे डोंगराची लांब निमुळती सोंड. विजयदुर्गाला तिहेरी तट. जिंजीला तीन टेकड्या. पन्हाळ्याला तीन दरवाजा आणि अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार. गुण याच गोष्टींना द्यायचे. शंभरपैकी चाळीस रचनेच्या अचूकपणाला, तीस बांधणीला, तीस मुलांच्या उत्तरांना. परीक्षकांनी फक्त मुलांशी बोलावं : हा दरवाजा इथेच का, पाणी कुठे साठतं, शत्रू कुठून येईल? वडिलांनी बांधलेला किल्ला या तीस गुणांत उघडा पडतो. त्यांना थांबवायला वेगळा नियम करावा लागत नाही.

जागा गटाला ५ बाय ४ फूट, उंची अडीच फूट. नुसत्या मातीने भरायचं म्हटलं तर ट्रॉली लागेल. आत विटांचे तुकडे आणि दगड रचा, त्यावर गोणपाट चिखलाच्या पातळ काल्यात बुडवून पसरा, वर दोन इंच माती. एवढ्याला दहा-बारा घमेली पुरतात. नुसती काळी माती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. निम्मी लाल माती किंवा चाळलेला मुरूम मिसळा, मूठभर बारीक कापलेलं गवत घाला. तट पुठ्ठ्याचा नको, पाणी शिंपडलं की मान टाकतो. त्याच मातीच्या पट्ट्या थापून, जरा कडक झाल्यावर सुरीने कापून उभ्या करा.

हिरवळीला अळीव मोहरीपेक्षा बरा. ओला झाला की त्याला चिकट आवरण सुटतं, त्यामुळे उतारावरही बी घसरत नाही. मातीवर आधी पाणी मारा, कोरडं बी विरळ भुरभुरा आणि दोन दिवस ओल्या फडक्याने झाका, नाहीतर चिमण्या आणि मुंग्या नेतात. पाणी फवाऱ्याने. तांब्याने घातलं की बी वाहून पायथ्याशी जमतं. दाट पेरलं आणि पाणी साचू दिलं की पांढरी बुरशी धरते. एका किल्ल्याला ५० ग्रॅम बी भरपूर. वाटा मोकळ्या हव्या असतील तर पेरताना तिथे कागदाच्या पट्ट्या ठेवा.

वेळ जुळवणं महत्त्वाचं. चौथ्या दिवशी हिरवं दिसतं, सहाव्या-सातव्याला भरगच्च, त्यानंतर आडवं पडू लागतं. म्हणून ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या शनिवार-रविवारी बांधणी, रविवारी संध्याकाळी पेरणी, ७ तारखेला सकाळी परीक्षण. मावळे आणि तोफा परीक्षणाच्या आदल्या रात्री मांडा, आधी मांडल्या तर पाण्याने रंग जातो.

पेठेतला :
पावसाचं काय? गेल्या काही वर्षांत दिवाळीतही सरी येतात.

माची :
मुलांना बांधणी सुरू करताना चारी कोपऱ्यांत बांबू रोवायला सांगा, ताडपत्री त्यावर दोरीने बांधता येते. किल्ल्याला टेकेल अशी टाकू नका, अळीव दबून कुजतो. पाठीमागच्या बाजूला उतार काढून बोटभर खोल चर खणा. वरून पडलेल्या पाण्यापेक्षा बुडाशी साचलेल्या पाण्याने किल्ला लवकर खचतो.

कल्हई :
कोजागरीसाठी शाळेचा व्हरांडा आधीच मागून ठेवा, भट्टी पहिल्यापासून पत्र्याखाली पण उघड्या बाजूला लावा. उकळतं पातेलं उचलून हलवायची वेळ कुणावर येता कामा नये. माणसं व्हरांड्यात सरकतील, दूध जागेवरच राहू द्या.