सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देता येणार नाही म्हणतात. इम्युनोथेरपीसाठी शेत विकावे का?

कास्तकार_दारव्हा यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझ्या बाबांचे वय ६७ असून वजन ५४ किलो आहे. त्यांना अनेक वर्षे बिडीची सवय होती. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. दुखत काहीच नव्हते, म्हणून उष्णता झाली असे समजून आम्ही धन्याच्या पाण्यावर तीन महिने घालवले, आणि त्याची खंत मला आजही झोपू देत नाही. नागपूरला दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, तेव्हा मूत्राशयाचा कर्करोग निघाला. सीटी स्कॅनमध्ये पोटातील लसिका ग्रंथी आणि फुप्फुसातही तो पोहोचल्याचे दिसले, तसेच उजव्या मूत्रपिंडाला सूज आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी काम करू लागले की रक्तात वाढणारा घटक) १.६ असल्यामुळे सिस्प्लॅटिन झेपणार नाही, इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणाऱ्या औषधांचा, विचार करा, असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्याकडे साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि त्यातील दोन एकर विकण्याची माझी तयारी आहे. बाबांना मात्र ते मान्य नाही. या उपचाराने खरोखर किती फरक पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कर्करोग विभागात काम करणारे एक डॉक्टर

सौदा करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एक गोष्ट नेमकी विचारा: बाबांना फक्त सिस्प्लॅटिन चालत नाही, की त्याच प्लॅटिन गटातील कार्बोप्लॅटिन हे औषधही चालत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढचा सगळा निर्णय त्यांवर अवलंबून आहे.

सिस्प्लॅटिनसाठी मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारणपणे मिनिटाला ६० मिलिलिटर तरी असावी लागते. शिवाय ऐकू कमी येणे, हातापायांच्या नसा बधिर होणे, हृदय कमकुवत असणे किंवा रुग्णाचा बराचसा दिवस अंथरुणात जाणे, यांपैकी काही असले तरी ते टाळतात. तुम्ही दिलेले वय, वजन आणि क्रिएटिनिन सूत्रात घातल्यास क्षमता सुमारे ३४ येते. म्हणजे सिस्प्लॅटिन नाही हे बरोबर आहे, परंतु जेमसिटाबिन या दुसऱ्या केमो औषधासोबत कार्बोप्लॅटिन देण्याचा विचार अजून शक्य आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजव्या मूत्रपिंडाची सूज गाठीमुळे लघवीची वाट अडल्याने आली असेल, तर आत स्टेंट (बारीक नळी) बसवून किंवा पाठीतून नळी टाकून ती मोकळी करता येते आणि क्रिएटिनिन उतरू शकते. हे झाल्याशिवाय मूत्रपिंड निकामी धरू नये. सांधेदुखीसाठी ते डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत असतील, तर आजच थांबवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३७० रुग्णांना केवळ पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले, तेव्हा शंभरातील सुमारे २९ जणांची गाठ लक्षणीय आकसली. ज्यांची आकसली, त्यांच्यापैकी अनेकांमध्ये तो परिणाम दीर्घकाळ टिकला. याचा दुसरा अर्थ असा की शंभरातील सुमारे सत्तर जणांना तेवढा लाभ झाला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. पण ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन (ज्याच्या आड कर्करोग प्रतिकारशक्तीपासून लपतो) कमी होते, ते केमोऐवजी केवळ ही औषधे घेतल्यास कमी जगत असल्याचे पुढच्या चाचण्यांत दिसू लागले. त्यामुळे २०१८ मध्ये तिथे वापरावर मर्यादा आली, आणि २०२१ मध्ये पहिला उपचार म्हणून केवळ पेम्ब्रोलिझुमॅब देण्याची मुभा कोणतेही प्लॅटिन न चालणाऱ्यांपुरतीच उरली. कार्बोप्लॅटिन झेपत असताना त्याऐवजी एकटी इम्युनोथेरपी घेणे मला म्हणूनच योग्य वाटत नाही.

केमोच्या चार ते सहा फेऱ्यांनंतर आजार वाढलेला नसेल, तर पुढे ॲव्हेल्युमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देतात. अशा चाचणीत मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १४.३ महिन्यांवरून २१.४ महिन्यांवर गेले. एनफोर्टुमॅब व्हेडोटिन (कर्करोगाच्या पेशीला चिकटून आत विष सोडणारे औषध) आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीची केमोशी तुलना करणाऱ्या ८८६ रुग्णांच्या चाचणीत तर केमोच्या १६.१ महिन्यांसमोर ३१.५ महिने मिळाले, आणि त्यात मूत्रपिंडाची क्षमता ३० पर्यंत घसरलेले रुग्णही होते. मात्र एनफोर्टुमॅबने साखर वाढते, नसा बधिर होतात, अंगावर पुरळ येते, आणि खर्चही मोठा आहे.

आर्वीची_सून

दादा, माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी पेम्ब्रोलिझुमॅब सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी जावे लागे. केस गेले नाहीत, उलट्या झाल्या नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. चौथ्या फेरीनंतर त्यांना जुलाब लागले. गावातील डॉक्टरांनी नेहमीचे पोट बिघडल्यासारखे समजून सलाईन लावली आणि दोन दिवस त्यातच गेले. नंतर कळले की औषधाने जागी झालेली प्रतिकारशक्ती त्यांच्या स्वतःच्या आतड्यावरच उलटली होती. स्टिरॉइड मिळाल्यावर ते सावरले. खोकला, धाप, कावीळ, खूप थकवा, वारंवार लघवी, अशा कोणत्याही तक्रारीत आधी नागपूरला फोन करा आणि कोणते औषध चालू आहे याची चिठ्ठी बाबांच्या खिशात ठेवा. आमच्याकडे ती चिठ्ठी नव्हती. थायरॉइडची गोळी आता त्यांना कायमची लागली आहे, पण ते चालतात, फिरतात आणि शेतावरही जातात.

रुग्णसाहाय्य_वर्धा

शेत विकण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बाबांच्या उपचारातील नेमका कोणता भाग बसतो आणि औषध कंपनीचा रुग्णसाहाय्य कार्यक्रम चालू आहे का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. दुसरे मत हवे असल्यास सेवाग्राम आहे, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्थाही आहे. दुर्बिणीच्या वेळी काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजीतून मागून घ्या. पीडी-एल१ तपासणी त्यावरच होते, पुन्हा भूल देण्याची गरज सहसा पडत नाही.

कास्तकार_दारव्हा

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. मागच्या आठवड्यात उजव्या बाजूला स्टेंट बसवला. कालच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.३ आले. सिस्प्लॅटिनसाठी ते अजून पुरेसे नाही, पण कार्बोप्लॅटिन व जेमसिटाबिनची पहिली फेरी सोमवारी ठरली आहे आणि ब्लॉक तपासणीसाठी पाठवला आहे. बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. इसाराचे पैसे मी अजून घेतलेले नाहीत आणि ग्राहकाला तूर निघेपर्यंत थांबायला सांगितले आहे.