चौथीच्या मुलांना इंटरनेटवरून नेमकं काय करायला द्यायचं? (मोबाईल एकच, रेंज अर्धवट)

माणदेशी बाई:
नमस्कार. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथी सांभाळते. दोन्ही वर्गांचा मिळून पट 19. लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे, मोबाईल माझाच, आणि रेंज फक्त ओट्याच्या कडेला येते.

मागच्या आठवड्यात 'पाऊस' या विषयावर घरून इंटरनेटवर माहिती शोधून आणायला सांगितली. नऊ वह्या आल्या. त्यातल्या सातांत चेरापुंजीचा तोच परिच्छेद, शब्दाला शब्द. एका मुलीला वाचून दाखव म्हटलं, तर ती 'पर्जन्यमान'पाशी अडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील रात्री शेतातून आले की घरात मोबाईल येतो, तेव्हा जागून तिनं ते उतरवलं होतं. चूक तिची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. लिंकवरच्या चाचण्याही देऊन पाहिल्या. मुलं पर्याय दाबत सुटतात, हिरवा रंग आला की पुढे.

एवढ्या लहान मुलांसाठी इंटरनेटची कृती कशी आखायची, म्हणजे डोकं त्यांचं चालेल? कुणी स्वतः वर्गात केलं असेल तर सविस्तर सांगा.

खटावकर:
पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडतात. व्हिडिओ आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचे, म्हणजे रेंजची अडचण येत नाही. पण ते दाखवण्यापुरतं झालं. तुम्ही विचारताय ते वेगळं आहे, त्यावर मलाही ऐकायचंय.

जावळीचे गुरुजी:
बाई, पाऊस हा विषय सोडू नका. मी पाच-सहा वर्षं त्यावरच उपक्रम घेतोय. आधी हातानं मोजायचं, मग आपसात वाद घालायचा आणि वाद मिटवायला नेट उघडायचं. क्रम उलटा झाला की मुलं उतरवूनच आणणार.

दोन लिटरची, अंगानं सरळ असलेली बाटली घ्या. कमरेत बारीक असलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा खोचा, झालं नरसाळं. तळ उंचसखल असतो, म्हणून थोडे खडे टाकून त्यावर पाणी ओता आणि पाणी जिथं पोचेल तिथं शून्याची रेघ मारा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडापासून, भिंतीपासून लांब, विटांच्या आधारानं ठेवा. रोज वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं.

वाचन सकाळी साडेआठलाच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा धरतात. दुपारी वाचलंत तर तुलना फसेल. शाळा उशिरा भरते ना, मग जवळ राहणाऱ्या मुलावर ते काम सोपवा. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. तुमच्याकडे तर शून्यच जास्त येतील, तीही माहितीच आहे.

मग कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या तुमच्या गावांच्या गटाचा, त्याच दिवसाचा आकडा बघायचा. अख्ख्या वर्गाला एक मोबाईल पुरतो, कारण शोधायचा आकडा एकच. पान उघडण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा. ही पायरी अजिबात गाळू नका. अंदाज लिहिलेला असला की मूल स्क्रीनकडे उत्तरासाठी बघतं, नाहीतर नुसतं चित्र बघतं.

संगमेश्वरची शिक्षिका:
आम्ही कोकणातून रोज आमचा आकडा पाठवू का? मुलांच्या आवाजात, व्हॉट्सॲपवर. फक्त आवाज आणि आकडे, मुलांचे फोटो नकोत. आमच्या पालकांशी तसं ठरलंय.

माणदेशी बाई (तीन आठवड्यांनी):
गुरुजी, सांगितलंत तसं केलं. पहिले पाच दिवस शून्य. सहाव्या दिवशी बाटलीत 14 मिलिमीटर, मुलं नुसती नाचत होती. महारेनवर मंडळाचा आकडा 6. वर्गात एकदम शांतता. "आपली बाटली चुकली," असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी थांबले. तिसरीतला एक जण म्हणाला, "बाई, काल डोंगराकडं अंधारलं होतं, खाली रस्ता कोरडाच होता." मग मंडळाचं हवामान केंद्र कुठं आहे ते नकाशावर शोधलं. निघालं आमच्यापासून बरंच लांब. बाटली पुन्हा तपासली, शून्याची रेघ बरोबर होती.

मग त्याच दिवसाचा महाबळेश्वरचा आकडा मुलांनीच मागितला. शंभराच्या वर! जिल्हा एकच, सातारा. "ढग तिकडंच रिकामे होतात का?" हा प्रश्न आल्यावर गुगल अर्थ उघडलं. ओट्यावर पाच-पाच जणांना बसवून समुद्रापासून बोट सरकवायला लावलं: पोलादपूर, मग एकदम उभा घाट, महाबळेश्वर, मग उतरत वाई, कोरेगाव, खटाव आणि आपण. हिरवा रंग कुठं विटतो ते त्यांनीच दाखवलं. 'पर्जन्यछाया', म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, हा शब्द मी त्यानंतर दिला.

त्या मुलीनं वहीत लिहिलंय, "आमची बाटली 14 भरली. मोबाईलमध्ये 6 होते. ढग डोंगराकडनं आला म्हणून." अडखळत नाही, धडाधड वाचते.

संगमेश्वरच्या ताई, सोमवारपासून आमचा आकडा पाठवते. पावणेनऊपर्यंत येईल, वाचणारीही तीच असेल.