स्टेंट टाकला, तिसऱ्या दिवशी माणूस गेला: म्हणजे मारलाच?

माजी_सिस्टर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "ब्लॉक उघडला, पेशंट चहा-बिस्किट खात होता, तिसऱ्या दिवशी खलास. मारला हो हॉस्पिटलने." वर शेकडो अंगठे! अरे, हृदयाची नळी उघडली म्हणून ॲटॅकने मेलेला हृदयाचा स्नायू जिवंत होत नाही. ३ ते ५ दिवसांत तो मऊ पडतो आणि दोन कप्प्यांमधला पडदा फाटतो, नाहीतर झडपेला धरणारा स्नायू तुटतो. पूर्वी पडदा फाटणं १०० पैकी १ ते ३ जणांत दिसायचं, आता हजारात २-३.

सातारी_मिसळ: ती पोस्ट माझीच. हजारात दोन-तीन, त्यात आमचेच बाबा बरे सापडले! सह्या घेतल्या डझनभर कागदांवर, हे कुणी बोललं नाही.

माजी_सिस्टर: छातीत दुखायला लागल्यावर किती वेळाने नेलंत?

सातारी_मिसळ: दुसऱ्या दिवशी. ॲसिडिटी वाटली, ओवा-सोडा दिला.

माजी_सिस्टर: झालं! उशीर झाला की फाटायचा धोका वाढतो.

सातारी_मिसळ: म्हणजे बाबांना आम्ही मारलं? तोंड सांभाळून बोला ताई.

नाना_निवांत: ओव्याला नावं ठेवू नका. माझा गॅस ओव्यानेच जातो.

पुणेरी_पाटी: नाना, गॅस जातो, ॲटॅक नाही. आईला शुगर, छातीत दुखलंच नाही, फक्त घाम आणि जबडा. आम्ही दाताच्या डॉक्टरकडे!

नाना_निवांत: मग दाताच्या डॉक्टरला बोला, ओव्याला का?

पुणेरी_पाटी: ओवा, हिंग, सोडा, सगळं पोटात घालून झालं की मग ईसीजी. घरोघरी हेच.

सातारी_मिसळ: ओव्याचं पुरे! पडदा फाटला कळल्यावर लगेच ऑपरेशन का नाही? "थांबून बघू" म्हणाले.

माजी_सिस्टर: ताज्या जखमेत टाके धरत नाहीत, लोण्यात शिवल्यासारखं. बीपी टिकत असेल तर बलून पंप, म्हणजे हृदयाला आधार देणारं यंत्र, लावून थांबतात. झडपेचा स्नायू तुटला असता तर थांबले नसते.

सातारी_मिसळ: बरं बाई, मारलं नाही म्हणतो. पोस्ट बदलतो. पण फाटलं की छातीत नवा आवाज येतो, असं नंतर डॉक्टरच बोलले. रात्रभर स्टेथोस्कोप लावला कुणी?

माजी_सिस्टर: ...आमच्याकडे रात्री १२ पेशंटना दोघी असायचो. नसेल लावला.